शेंदुर्णी ससाणा पतंग

(थेरेट्रा शेंदुर्नीएन्सिस). खवलेपंखी कीटकांच्या स्फिंजिडी कुलातील, मॅक्रोग्लॉसिनी उपकुलात गणला जाणारा व सह्याद्रीच्या दक्षिण टोकावरील अगस्त्यमलयाच्या डोंगरांतून वर्णिलेला पतंग. इंग्रजी अमदानीपासून ज्यांना 'हॉक मॉथ' म्हणतात, त्या वेगवान, निमुळत्या देहाच्या, सांजवेळी फुलांपुढे अधांतरी स्थिर राहून मध पिणाऱ्या पतंगांपैकी हा एक होय. या कुलात जगभर सुमारे १,४५० जाती गणल्या जातात.

नामकरण : यश सोंधी, लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील इयान किचिंग, दीपेंद्र नाथ बसू व कृष्णमेघ कुंटे या चौघांनी २०१७ साली 'झूटॅक्सा' या नियतकालिकात ही जाती प्रथम वर्णिली. कुंटे यांचा द्वीपकल्पीय भारतातील फुलपाखरांवरील ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. जातीचे नाव केरळातील कोल्लम जिल्ह्यातील शेंदुर्णी अभयारण्यावरून आले. हे अभयारण्य १९८४ साली स्थापन झाले आणि त्याचे नाव तेथील चेंकुरिंजी नामक स्थानिक वृक्षावरून पडले. खानदेशात जामनेर तालुक्यात असलेल्या शेंदुर्णी गावाशी या नावाचा काही संबंध नाही.

लक्षणे : थेरेट्रा प्रजातीतील पतंगांचे पुढील पंख लांब व टोकदार असून त्यांवर टोकाकडे तिरप्या जाणाऱ्या रेघा असतात, परंतु या रेघा व रंग जातीजातींत इतके मिळतेजुळते असतात, आणि उडण्याच्या झिजेने पंखांवरील खवले इतक्या सहज गळून जातात, की केवळ पंख पाहून दिलेला निर्णय कायम टिकेलच असे म्हणता येत नाही. म्हणून अभ्यासक नराच्या जननेंद्रियांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात व तिच्या जोडीस, २००३ पासून रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे, पेशीतील सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा ताडून पाहतात. प्रजातीच्या अंतर्गत गटांविषयी मतभेद आहेत.

पूर्वेतिहास : लिनीअसने १७५८ साली 'स्फिंक्स' या नावाखाली हे पतंग एकत्र आणले, अळीने डोके व छाती उचलून स्तब्ध राहण्याची जी रीत, तीत इजिप्तमधील स्फिंक्सच्या मूर्तीचे साम्य दिसल्यावरून हे नाव पडले. थेरेट्रा हे प्रजातीनाम ह्यूब्नरचे आहे (१८१९). रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनी १९०३ साली साऱ्या कुलाची फेरमांडणी केली. हिंदुस्थानापुरते पाहता मात्र अधिक मोलाचे काम मुंबई इलाख्याच्या दक्षिण सरहद्दीवरील कारवारात झाले, आणि ते जंगलखात्यातील टी. आर. बेल (१८६३–१९४८) या अंमलदाराच्या हातून झाले. कारवार ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आला होता; तेथील कलेक्टर डेव्हिडसन व मीठ-जकात खात्यातील एटकेन (टोपणनाव 'एहा') यांच्या संगतीत बेलने प्रथम फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, व पुढे तीच रीत पतंगांना लावली. जंगलात सापडलेली अळी तिच्या खाद्यवनस्पतीसह आणावयाची, ती कात टाकीत वाढते तसतसे तिचे वर्णन टिपावयाचे, कोशातून पतंग बाहेर येईपर्यंत थांबावयाचे आणि मग नाव द्यावयाचे, असा हा क्रम होता. मेजर एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्याचा स्फिंजिडी कुलावरील खंड 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत १९३७ साली निघाला; अळी व कोश यांच्या वर्णनांच्या बाबतीत तो आजही प्रमाण समजला जातो. यानंतरची जागतिक सूची किचिंग व काद्यू यांची आहे (२०००).

जीवनक्रम : प्रजातीतील अळ्यांच्या शेपटीकडे एक शिंग असते व कित्येकांच्या अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात, त्या द्राक्षकुल, अळूकुल, तेरडा अशा वनस्पतींवर वाढतात आणि जमिनीवरील पाचोळ्यात विरळ धाग्यांचे कवच करून कोशावस्था काढतात.

प्रसार : अगस्त्यमलयाचे डोंगर. हा प्रदेश २००१ पासून जीवावरण राखीव क्षेत्र आहे. सह्याद्रीची रांग याच टोकापासून उत्तरेस सुमारे १,६०० किलोमीटर जाऊन तापीच्या दक्षिणेस संपते. तापीकाठचे कामरेज व त्याभोवतालचा सुरत जिल्ह्याचा ऊसकरी मुलूख हा त्या रांगेच्या पायथ्यापलीकडील सपाट प्रदेश असून, अशा सपाटीत दिसणारे ससाणा पतंग बहुधा सर्व हिंदुस्थानात पसरलेल्या जातींचे असतात : कण्हेरीवरील डॅफ्निस नेरीआय, रताळ्याच्या वेलावरील अॅग्रिअस कॉन्व्हॉल्व्हुली, आणि तिळावर वाढणारा अॅकेरॉन्शिया स्टिक्स. या शेवटच्याच्या पाठीवर कवटीसारखी आकृती असते, तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो व पकडल्यास चीत्कारतो.

आर्थिक महत्त्व : प्रस्तुत जातीस नाही.

अभिप्राय : नवी जाती स्थापित करण्यास जननेंद्रिये व जनुके पुरेशी होतात, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते, तथापि जातीचे निसर्गातील स्थान ती काय खाते यावरूनच ठरते, आणि त्या बाबतीत बेलच्या रीतीस अद्याप पर्याय निघालेला नाही. म्हणून अगस्त्यमलयात असो की तापीच्या खोऱ्यात, शिंगाची अळी ज्यास आढळेल त्याने ती चिरडण्यापूर्वी वनस्पतीचे नाव, गाव व तारीख लिहून ठेवावी.