कुत्र्याच्या पोटाचे उपकार

क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात परवा मी पोट सुधारण्याची पावडर मागितली. दुकानदाराने विचारले, "वजन किती?"

"ब्याऐंशी किलो."

"काका, तुमचं नाही. कुत्र्याचं!"

आमचा मोती अकरा वर्षांचा. शेजारच्या वाढदिवसाचा केक त्याने परस्पर साजरा केला आणि पोट बिघडवून घेतले. आमच्या घरी पोटाचे सगळे खटले ताक, हिंग आणि ओवा या तिघांच्या कोर्टात चालतात. सौ.ने ताकाची वाटी पुढे केली, तर मोतीने मान फिरवली. तोवर मी विनोद करीत होतो. पण संध्याकाळी माझी स्कूटर फाटकाशी आली आणि तो उठला नाही, तेव्हा विनोद संपला. डॉक्टरांनी सलाईन लावले, हिंग-ओव्यावर काट मारली, मऊ भात सांगितला आणि चिठ्ठीच्या तळाशी ही पावडर लिहिली.

पावडरीत काय, तर जिवंत जिवाणू! तेही कोटींच्या हिशेबात. म्हणजे मूठभर पुडीत आख्ख्या महाराष्ट्राहून मोठी लोकसंख्या. जंतू मारायची औषधे आम्ही जन्मभर विकत घेतली. जंतू विकत घ्यायची ही पहिलीच वेळ.

या कल्पनेचे श्रेय मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला देतात. बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात, असे त्याचे मत. १९०८ साली त्याला नोबेल मिळाले, पण दह्याबद्दल नव्हे, रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनाबद्दल. त्याचाच शिष्य हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याने तिथेच लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. लस आपण शिष्याकडून घेतली. गुरूचे दही मात्र आपल्या घरी आधीपासूनच लागत होते!

पण मला खरा बेचैन केला तो दुसऱ्या रशियनाने, पावलोवने. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, एवढाच पावलोव आपण शाळेत शिकलो. नोबेल मात्र त्याला १९०४ साली मिळाले ते पचनाच्या अभ्यासाबद्दल. कुत्र्याच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी छेद द्यायचा आणि जठराला नळी बसवायची. कुत्रा मांस चघळून गिळी, पण घास गळ्यातूनच बाहेर पडे. फसलेले जठर बिचारे पाचकरस गाळत राही. तो रस गाळून, बाटल्यांत भरून, अपचनाच्या रोग्यांना विकत. माणसांना, बरे का! १९०४च्या सुमारास वर्षाला तीन हजारांवर बाटल्या खपत आणि त्या पैशावर प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार लागे. सेंट पीटर्सबर्गचे कोणी रावसाहेब जेवणानंतर चमचाभर कुत्रा पिऊन ढेकर देत असतील, आणि तिकडे तो कुत्रा मांसाचे ताट संपवूनही उपाशीच! १९३५ साली तिथल्या संस्थेच्या बागेत कुत्र्याचे स्मारक उभारले गेले. ते बघायला तो कुठे होता?

आता चाक उलटे फिरले आहे. माणसाच्या पोटासाठी निघालेली जिवाणूंची कल्पना कुत्र्या-मांजरांच्या भांड्यात पडते आहे. गुण येतो का? २०११ साली अमेरिकेतल्या एका प्राणी-आश्रयगृहातल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. एका जातीचे जिवाणू दिल्यावर दोन दिवस किंवा अधिक टिकणारी हगवण मांजरांत कमी दिसली. कुत्र्यांत मात्र विशेष फरक आढळला नाही. म्हणजे डोळे मिटून दूध पिणारी ती बया इथेही पुढे! (वास्तविक बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध सोसत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?) जिवाणूंच्या जाती अनेक, एकीचा गुण दुसरीला चिकटवता येत नाही, असे आमचे डॉक्टर म्हणतात. ही पावडर मदतनीस आहे, वैद्य नव्हे, हेही त्यांनीच बजावले.

चार दिवसांनी मोतीने भाताचे भांडे चाटून स्वच्छ केले. गुण सलाईनचा, भाताचा की पावडरीचा, कोण जाणे. स्कूटर वाजली आणि तो धडपडत फाटकाशी आला, एवढे मात्र मी पाहिले.

त्या आनंदात सौ.ने बटाटेवडे केले. मी सात खाल्ले. रात्री माझ्याच छातीत जळजळ सुरू झाली. मोती समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होता, तोंडातून लाळ गळत होती. मी त्याची नजर चुकवली आणि गुपचूप ओव्याची डबी शोधू लागलो.