पिनेचा घसारा

आमच्या कोकणात दशावतारातला दुर्योधन दर हंगामात एकदा तरी कृष्णाला ठणकावून सांगतो, की सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती मी पांडवांना देणार नाही. हे तो रात्री दोनच्या सुमाराला, पेटी-मृदंगाच्या साथीवर, देवळासमोरच्या मांडवात सांगतो आणि शेंगदाणे खाणारं पब्लिक माना डोलावतं. पण सुईच्या अग्रावर नेमकं राहतं किती, हा हिशोब कुणी विचारत नाही. तो हिशोब पुढे ग्रामोफोनवाल्यांनी मांडला. सुईच्या अग्रावर बालगंधर्व राहतात, अब्दुल करीम खाँ राहतात, मास्टर दीनानाथ राहतात, शिवाय पाठीमागे ऑर्गन, सारंगी आणि तबला. दुर्योधनाला हे ठाऊक असतं तर त्याने नकार देण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

या सुईला मराठी माणूस पहिल्यापासून 'पिन' म्हणत आला. हल्ली पिन म्हटलं की लोकांना एटीएमचे चार आकडे आठवतात (किंवा आठवत नाहीत, आणि मग ते आमच्या काउंटरवर येतात). पण काउंटरवर येऊन एखादा गृहस्थ 'व्याज कमी का लागलं' हे सतराव्यांदा विचारू लागला, की शेजारचा सहकारी अजूनही हळूच म्हणतो, "ह्याची पिन अडकली." ज्याने आयुष्यात ग्रामोफोन पाहिला नाही, तोही हे म्हणतो. अडकलेल्या पिनेला भाषेने अशी कायमची जागा दिली. झिजलेल्या पिनेची दखल मात्र कुणी घेतली नाही. खरं तर अडकलेली पिन फक्त वैताग देते. गाणं संपवते ती झिजलेली पिन.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला 'घसारा' नावाचा विषय शिकवला होता. यंत्र वापरलं की झिजतं आणि त्या झिजेची रक्कम दरवर्षी खर्चात टाकायची. त्याच्या दोन पद्धती, सरळ रेषा आणि ऱ्हासमान शेष. पिनेला यातली एकही लागू पडत नाही. कारण यंत्र झिजलं तर ते एकटं झिजतं, पिन झिजली की ती तबकडीलाही झिजवते. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर कर्जदार स्वतः बुडतो आणि जामीनदारालाही पाण्यात ओढतो.

आता थोडा इतिहास. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला, तो कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवणारा. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. १९०२ साली गैसबर्ग नावाचा साहेब ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर बाईंनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघायच्या आणि तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कळायला हवं. आपल्याकडे गाणाऱ्याची अशी सही-शिक्क्यासह ओळख पटवून घेण्याची पद्धत तेव्हापासूनची आहे. बँकांनी ती नंतर उचलली!

तबकडी व्हायची लाखेची. ज्या लाखेचं घर दुर्योधनाने पांडवांसाठी बांधलं, तीच ही लाख. पण निव्वळ लाख नव्हे, तिच्यात दगडाची बारीक भुकटी घातलेली असायची. ही भुकटी मुद्दाम घालत. पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून निघे आणि खाचेच्या मापाची होई. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगावरच कोट बेतावा, तसा प्रकार. मात्र बेतून झाल्यावर शिंपी थांबतो, भुकटी थांबत नाही. बाजू संपेपर्यंत पिनेच्या टोकाला दोन्हीकडून सपाट पैलू पडतात आणि तिची छिन्नी होते. ही छिन्नी दुसऱ्या तबकडीवर ठेवली, की ती खाच वाचत नाही, खाच कोरते. म्हणून नियम असा, की एक बाजू, एक पिन. इंग्लंडात रेडिच गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होतं, तिथे या पिनाही बनू लागल्या. दोनशे पिनांची ती पत्र्याची डबी आणि तिच्यावर कर्ण्यात तोंड घालून बसलेला तो कुत्रा पुष्कळ घरांत पिना संपल्यावरही राहिला. आमच्याकडे त्या डबीत अजून शर्टाची बटणं आहेत.

फ्रान्सच्या पाते कंपनीने १९०५-०६ च्या सुमारास वेगळी तोड काढली होती. पोलादाऐवजी गोल टोकाचा नीलमणी आणि खाच डावी-उजवी न करता वर-खाली कोरलेली. पिन बदलायची कटकटच नाही. पण तबकडी त्यांचीच आणि यंत्रही त्यांचंच लागे, म्हणून जगाने पोलाद पत्करलं. आणि पोलाद म्हटलं की आमच्या किनाऱ्यावर दुसरा शत्रू दबा धरून बसलेला असतो. तो म्हणजे खारा वारा.

मालवण, वेंगुर्ले, देवगड ही तेव्हाची आगबोटीची बंदरं. चाकरमानी गणपतीला मुंबईहून यायचा, तो पडावातून उतरताना एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने चावीचा फोनो सांभाळत उतरायचा, असं आजोबा सांगत. विजेची गरज नाही. चावी दिली की बाई गायला तयार. गणपतीचे दिवस फोनो पडवीत आणि अर्धी वाडी अंगणात. परत जाताना चाकरमानी पिनांची डबी ठेवून जाई आणि पुढल्या चतुर्थीपर्यंत ती गंजून तपकीर झालेली असे. तांदळात पुरून ठेवलेली डबी वाचायची, पण मग भातात पिन निघण्याची भीती. आजी म्हणे, गाणं कानाने ऐकायचं असतं, गिळायचं नसतं.

पिना महाग नव्हत्या, पण कोकणी माणसाला जी वस्तू दोनदा वापरता येईल ती एकदाच वापरणं जड जातं. एक पिन आठ-आठ बाजू चाले. नवव्या बाजूला बालगंधर्वांचा आवाज घोगरा होई. वाडीतले एक तात्या हुशार. ते अंगणातूनच ओरडत, "रे, गाणाऱ्याचो गळो नाय बसलो! तुझी पिन बसली आसा. बदल आधी!"

यावर जगानेही उपाय शोधले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत बांबूची पिन निघाली, तिकोनी कांडीसारखी. तिचं टोक बोथटलं, की एका छोट्या कातरीने तिरपं छाटायचं, नवीन टोक तयार. घरच्या घरी दुरुस्त होणारी पिन ती ही. पुढे काट्यांच्याही पिना आल्या. त्या बारीक पॉलिश पेपरवर गोल फिरवून पुन्हा टोकदार करायच्या. आवाज जरा मऊ येई, पण तबकडीला इजा कमी. आता बांबू आणि काटे या दोन गोष्टींची आमच्याकडे टंचाई कधीच नव्हती. आजोबांनी एकदा करवंदीचा काटा साउंडबॉक्समध्ये बसवून पाहिला होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गाणं अर्धं झालं आणि काट्याचं टोक मोडलं. पण जेवढं वाजलं त्याला करवंदाचा वास होता, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

१९४८ साली अमेरिकेत एल.पी. आली आणि जमाना बदलला. तबकडी प्लास्टिकची, फेरे मिनिटाला सव्वातेहतीस नव्हेत, तेहतीस आणि एक तृतीयांश. (बँकेत एवढा फरक खपत नाही.) खाच इतकी बारीक, की पिनेच्या टोकाची त्रिज्या एक इंचाचा हजारावा भाग. अठ्ठ्याहत्तरच्या पिनेची त्याच्या तिप्पट. म्हणून आपल्याकडच्या प्लेअरांत एका दांडीला दोन पिना असत. खटका फिरवला की अठ्ठ्याहत्तरची, पुन्हा फिरवला की एल.पी.ची. ज्याने खटका फिरवायचा विसरला, त्याच्या एल.पी.वर जाड पिनेने नांगर फिरला. जुन्या तबकडीवर बारीक पिन ठेवली तर ती खाचेच्या तळातली धूळ वाजवत बसते. भारतात मात्र दोन्ही जमाने बराच काळ एकत्र नांदले. इतर देशांनी अठ्ठ्याहत्तर सोडून दिली, तरी इथे साठच्या दशकात बीटल्सचीही अठ्ठ्याहत्तरची तबकडी निघत होती.

नवी पिन नीलमण्याची किंवा हिऱ्याची. मी एका रविवारी हिशोब मांडला. अठ्ठ्याहत्तरच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची, म्हणजे पिन सुमारे सव्वाशे मीटर चालते. एल.पी.ची वीस मिनिटांची बाजू म्हणजे सव्वाचारशे मीटरच्या आसपास. पिना मुंबईहून मालवणला निघाल्या असं समजा. पोलादी पिन एस.टी. स्टँडच्या फाटकापर्यंत पोचते आणि संपते. नीलमण्याची पिन पन्नासेक तास चालली, तर पेण येतं न येतं तोच तिला उतरावं लागतं. हिरा पाचशे तास टिकला, तर तो मालवण गाठतो, घोटभर सोलकढी पितो आणि परतीच्या वाटेलाही लागतो. पण तोही केव्हातरी उतरतोच. 'हिरा आहे, त्याला काय होतंय' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि त्या घरांतल्या एल.पी. मी वाजवायला घेत नाही.

याच काळात एक राष्ट्रीय उपाय प्रचारात आला. पिन उडाली, की दांडीवर चार आण्याचं नाणं ठेवायचं. पंचवीस पैशांचं ते नाणं अडीच ग्रॅमचं. दांडीचा भार मुळात चार-पाच ग्रॅम. म्हणजे एका नाण्याने बोजा दीडपट! टोक इतकं सूक्ष्म, की तिथला दाब दर चौरस इंचाला टनांत मोजावा लागतो, त्यावर हे नाणं. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे चलनातून बाद झाले, तेव्हा काउंटरवर कुणी अश्रू ढाळले नाहीत. तबकड्यांना बोलता येत असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

पिन तपासायची कशी? नखावर घासून किंवा बोटाने टोचून पाहणारे असतात. त्यातून पिनेचं काही कळत नाही, बोटाचं कळतं. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, तर टोक मुळात आहे की गळालं, दांडी वाकली आहे का, कापसासारखी धूळ अडकली आहे का, एवढं दिसतं. झीज दिसायला शे-दोनशे पट मोठं करणारं सूक्ष्मदर्शक हवं. गावात ज्युनिअर कॉलेज असेल, तर जीवशास्त्राच्या सरांशी ओळख ठेवावी. बेडकाची सुट्टी असेल त्या दिवशी पिन नेता येते. बाजूने उजेड टाकला आणि टोकाच्या दोन्ही अंगांना मांजराच्या डोळ्यांसारखे दोन सपाट ठिपके चमकले, की समजावं, छिन्नी झाली. सूक्ष्मदर्शक नसेल तर कान आहेत. 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येऊ लागले, आणि तबकडीच्या आतल्या फेऱ्यांत गाणं फाटू लागलं, तर संशय घ्यायला जागा आहे.

दुरुस्तीचं म्हणाल, तर घरी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच. मऊ ब्रशने मागून पुढे धूळ काढावी. पुढून मागे किंवा आडवा ब्रश फिरवला, तर दांडी वाकते. झिजलेला हिरा घासून पुन्हा टोकदार करता येत नाही. हिऱ्याला घासायला हिराच लागतो. नवं टोक डिंकाच्या थेंबावर बसवणारे कारागीर असतात, पण ते काम त्यांचं. आपण पिन बदलावी. बांबूच्या कातरीबरोबर घरगुती दुरुस्तीचा इतिहास संपला, हे मान्य करून टाकावं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं माझा धाकटा भाऊ विचारतो. सगळं तर फोनवर मिळतं. मिळतं, हे खरं. पण फोनवर येण्याआधी ते कुणाच्या तरी घरच्या तबकडीवरून उतरवावं लागलं. अनेक जुन्या रेकॉर्डींचे धातूचे मूळ साचे आज उरलेले नाहीत. त्या काळच्या संगीत नाटकांतली पदं, भावगीतं, विनोदी संवाद, यांतलं बरंचसं आज फक्त खाचांत आहे आणि त्या खाचा कुणाच्या तरी माळ्यावर, आंब्याच्या पेट्यांमागे आहेत. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, ती याच काळजीपोटी. माळ्यावरची तबकडी सापडल्यावर घरातला उत्साही मुलगा पहिली गोष्ट करतो, ती म्हणजे जुनाच फोनो काढून त्यात असलेली गंजकी पिन तशीच ठेवून देतो. शंभर वर्षं टिकलेला गळा तीन मिनिटांत खरवडला जातो. त्यापेक्षा तबकडी पुसून, न वाजवता, जाणत्या माणसाकडे न्यावी. उतरवण्यासाठी एकदाच, नव्या पिनेने वाजवावी.

कायमच्या वाजवून न घेण्यातही अर्थ नाही म्हणा. वापरात नसलेल्या यंत्रावर उत्पन्नही नसतं, असं आमचं पुस्तक सांगतं. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. शेजारच्या बाई, म्हणून आम्हाला अभिमान. पण माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीवर गेलं. त्या शहाण्या माणसांनी तबकडीबरोबर पिनही पाठवली आहे आणि ती कशी ठेवायची याचं चित्र झाकणावर कोरलं आहे. आजवर ती कुणी वाजवलेली नाही. घसारा शून्य, उत्पन्नही शून्य. कधीतरी कुणी परग्रहवासी ती लावेल, तेव्हा बाईंचा पहिला सूर कोऱ्या पिनेतून निघेल. फक्त त्याने तिच्यावर चार आण्याचं नाणं ठेवू नये, एवढीच इच्छा.