बंदुकीच्या मुलखात जावे का?

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. नाटे हे त्याचे आजोळ. राजापूर तालुक्यातले, जैतापूरच्या खाडीजवळचे आमचे हे गाव. गेल्या रमजानमध्ये एका रात्री त्याचा फोन आला. टेक्सासमधल्या एका लहान गावाबाहेर त्याने घर पाहून ठेवले होते. चार एकर जागा, स्वस्त किंमत, आणि बंदूक ठेवायला परवान्याची कटकट नाही. मशिदींवरच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून तो धास्तावला होता. त्या गावात पोलीस यायला अर्धा तास लागतो, म्हणून घरात बंदूक हवी, असे त्याचे म्हणणे. शेवटी म्हणाला, "मामू, नाट्याच्या घरी नानांची बंदूक होतीच ना? मग मी घेतली तर काय बिघडलं?"

त्या रात्री मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. भीती वाटली की माणूस दोन गोष्टींचा विचार करतो: जागा बदलावी किंवा शस्त्र जवळ करावे. या दोन्हींचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे.

आधी नानांच्या बंदुकीबद्दल. ती ठासणीची होती. नळीत वरून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मग बार. कोकणात अशा बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. भातात डुकरे शिरतात, आंब्यावर वानरांची टोळी येते, त्यांना पिटाळायला आवाज हवा. नानांचे बहुतेक बार आकाशातच गेले. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. घरात तिचे स्थान कोयती आणि पंचा यांच्या शेजारी होते. माणसांपासून बचाव करायला ती आहे, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही.

परवान्याची ही पद्धत इंग्रजांची. 1857 च्या उठावानंतर त्यांनी लोकांची हत्यारे काढून घेतली आणि लॉर्ड लिटनच्या काळात, 1878 मध्ये, शस्त्र कायदा पक्का केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनाला सूट राहिली. त्यामुळे हत्यार बाळगणे हा आपल्याकडे मानाचा प्रश्न झाला. 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे 1948 च्या डिसेंबरमध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. मुभा एकट्याला मिळत नसते. जी मला मिळते, ती माझा द्वेष करणाऱ्यालाही मिळते.

भारतात बंदुकीला खुली मुभा असलेला एक मुलूख आहे: कर्नाटकातला कोडगू. इंग्रजांनी 1861 मध्ये तिथल्या कोडवांना शस्त्र कायद्यातून सूट दिली आणि ती आजतागायत चालू आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तिथे कैलपोढ सणाला बंदुकीची पूजा होते. पण ही सूट कोडव जातीत जन्मलेल्यांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना आहे. तुम्ही-आम्ही उद्या मडिकेरीला बिऱ्हाड हलवले म्हणून ती आपल्याला मिळणार नाही. मुलूख बदलला तरी तिथल्या माणसांचे एकमेकांशी असलेले जुने नाते सामानाबरोबर मिळत नाही.

याचा सर्वांत कडू धडा आपल्या लोकांनी 1920 मध्ये घेतला. खिलाफतीच्या दिवसांत इंग्रजी राज्यातून हिजरत करावी, असे फतवे निघाले. जायचे कुठे, तर अफगाणिस्तानात. मुसलमानांचे स्वतंत्र राज्य, जिथे टोळ्याटोळ्यांच्या हातात रायफली आहेत आणि इंग्रजांशी नुकतेच युद्ध झाले आहे. सिंध आणि सरहद्द प्रांतातून हजारो कुटुंबांनी जमिनी, गुरे, घरे मिळेल त्या भावाला विकली आणि खैबरची वाट धरली. अमीर अमानुल्लाने आधी स्वागत केले. पण त्या गरीब देशात एवढ्या लोकांना द्यायला ना जमीन होती, ना काम. ऑगस्टमध्ये अमीराने येणे थांबवायला सांगितले. बरेच जण रिकाम्या हाताने परतले, कित्येक वाटेत मेले. गावी आले तर जमीन दुसऱ्याची झालेली. त्यांच्या ईमानाबद्दल मला शंका नाही. पण ज्या मुलखात आपण जातो आहोत तिथे आपण कोण असणार, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

नाट्याला हा प्रश्न 1993 मध्ये आला, उलट्या दिशेने. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींनंतर मुंबईतली कोकणी मुसलमानांची कुटुंबे एसटीने गावी येऊ लागली. कोकण रेल्वे तेव्हा व्हायची होती. आमच्या ओटीवर रात्री उशिरापर्यंत तीच चर्चा चाले: इथेच राहावे का, मुंब्र्याला खोली घ्यावी, की परत भायखळ्याला जावे? एका पाहुण्याने तेव्हाही भिंतीवरच्या बंदुकीकडे बोट दाखवले होते. नाना एवढेच म्हणाले, "ती वानरांसाठी आहे."

पुढे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला. त्या दंगलींत 900 माणसे मेली, त्यांपैकी 575 मुसलमान आणि 275 हिंदू. मृत्यूची कारणे पाहा: पोलिसांच्या गोळीबारात 356, भोसकल्याने 347, जाळपोळीत 91, जमावाच्या मारहाणीत 80, खासगी गोळीबारात 22. घरातली ठासणीची बंदूक यांतल्या कोणत्या मरणाला अडवणार होती? जमावापुढे एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत सगळे संपलेले असते. आणि बार काढणाऱ्या घरावर मग पोलीसही बंदूक रोखतात.

पण गावी आलो म्हणजे गोळीपासून सुटलो, असेही झाले नाही. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा 18 एप्रिल 2011 रोजी नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला. जमाव पोलीस ठाण्यावर चालून आला, असे पोलिसांचे म्हणणे. साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार त्यात मेला. प्रकल्पाचे गरम पाणी समुद्रात सुटले तर मासळी जाईल, ही साखरी नाट्याच्या मुसलमान मच्छीमारांची भीती होती. जमीन गेली, ही माडबनच्या हिंदू शेतकऱ्यांची तक्रार होती. दोघे एका मोर्च्यात चालत होते. त्या दिवसांत गावाने धीर धरला तो याच सोबतीवर. गावात परवान्याच्या बंदुका होत्याच. कोणाच्याही मनात त्या बाहेर काढायचे आले नाही, आणि ते बरेच झाले.

आता भाच्याच्या टेक्सासकडे वळतो. 1 सप्टेंबर 2021 पासून तिथे 21 वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते. एच-वन-बी व्हिसावरच्यांना संघराज्याचा कायदा सहसा बंदूक बाळगू देत नाही, पण भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे त्याला ती घेता येईल. त्याच्या पुढच्या घरातल्यालाही घेता येईल, आणि त्याच्याही पुढच्याला. 10 फेब्रुवारी 2015 ला नॉर्थ कॅरोलिनात चॅपेल हिल इथे तीन तरुण मुसलमानांना त्यांच्याच शेजाऱ्याने घरात घुसून मारले. त्या शेजाऱ्याकडे पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता. दुसरी गोष्ट घरातली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात दोन मुले आहेत, एक वयात येते आहे. बंदूक घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चोर असतो. मुलाच्या एखाद्या वाईट रात्रीचा विचार कोणी करत नाही.

पोलीस अर्धा तास लांब असतात, हे त्याचे म्हणणे मी खोटे म्हणत नाही. आडरानात राहणाऱ्याला साप, कोल्हा, डुक्कर यांच्यासाठी हत्यार लागते, जसे नानांना लागले. तेवढ्यासाठी ती कुलपात ठेवून घेतली तर मी अडवणार नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला ठाऊकच आहे. पण नवख्या गावात आपला उंट बंदुकीला बांधता येत नाही.

म्हणून त्याला मी एवढेच सांगितले. घर लगेच विकत घेऊ नकोस. सहा महिने भाड्याने राहा. जुम्याची नमाज किती मैलांवर होते ते पाहा. मुलांच्या शाळेत जाऊन बस. शेजारी पहिल्या महिन्यात दार वाजवतो की नाही, आणि तू वाजवलेस तर उघडतो की नाही, ते बघ. आणि एक हिशेब वहीत मांड: उद्या घरात मयत झाली, तर जनाज्याला खांदा द्यायला त्या गावात चार माणसे येतील का? नाट्यात नाना गेले तेव्हा खांद्याला मोहल्ल्याबाहेरचीही माणसे होती. त्यांची बंदूक आम्ही पुढे पोलीस ठाण्यात जमा केली, ती परत आणायला कोणी गेले नाही.