दादांचा प्रायमस, दादीचा स्टोव्ह

सोलापूरचं घर विकायचं ठरलं तेव्हा भांडीकुंडी वाटून झाली. अडलं ते एका पितळी स्टोव्हवर. बडे अब्बा म्हणाले, "हा दादांच्या हजचा प्रायमस आहे, माझ्याकडे राहील." माझ्या अब्बांचंही तेच म्हणणं होतं. मरहूम दादा 1950 मध्ये मुंबईहून बोटीने हजला गेले होते. सोबत तांदूळ, डाळ आणि हा स्टोव्ह होता, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शेवटी, "मास्तर, तूच बघ," म्हणून तो माझ्याकडे आला.

आधी नावाचा उलगडा करावा लागला. आपल्याकडे पंपाचा कुठलाही स्टोव्ह म्हणजे प्रायमस. खरा प्रायमस स्वीडनचा. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी 1892 च्या सुमारास तो आणला. वात नाही, काजळी नाही. काकड्याने बर्नर तापवायचा, पंप मारायचा. हवेच्या दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून निघून निळी जळते. अमुंडसेनच्या तुकडीने 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर जाताना असाच स्टोव्ह नेला होता. पुढे ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ अशी स्वीडनचीच भावंडं बाजारात आली आणि देशोदेशी नकलाही झाल्या.

म्हणून जुना स्टोव्ह हाती आला, की घरची गोष्ट जरा बाजूला ठेवून टाकी बघावी. चिंच-मिठाने हलकेच पुसली, की ठसे दिसतात. पॉलिशच्या यंत्रावर मात्र देऊ नये, ठसेच घासले जातात. अस्सल प्रायमसवर नाव आणि क्रमांक असतो. 1911 पासून तर साल सांगणारं अक्षरही असे. मग पाय बघावेत. प्रवासी स्टोव्हचे सुटे होतात, बर्नर निघतो आणि सगळं पत्र्याच्या डब्यात बसतं. पेटवून बघायचा मोह टाळावा. जुनं झाळकाम दाबाखाली उसवलं तर भडका उडतो.

आमच्या स्टोव्हचे तिन्ही पाय टाकीला झाळून पक्के केलेले. डब्यात मावण्यासारखा तो नव्हताच. टाकी पुसल्यावर 'मेड इन इंडिया' दिसलं आणि त्याखाली आयएसआयचं चिन्ह. भारतीय मानक संस्था 1947 ची, पण हे चिन्ह देण्याचा कायदा 1952 चा. दादा हजला गेले 1950 मध्ये, आणि पुन्हा कधी गेले नाहीत.

मी फुफीला फोन केला. ती हसली. "हजचा स्टोव्ह दादांनी तिकडेच कुणाला तरी देऊन टाकला. हा अम्माचा. विड्या वळून पैसे साठवले होते तिने. चुलीच्या धुराने डोळे गेले होते ना तिचे. रमजानात सहेरीला ती पंप मारायची, तर त्या भरभर आवाजाने अख्खी गल्ली उठायची."

मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? फुफी म्हणाली, "कुणी विचारलं कुठे?"

उर्दूत 'तारीख' म्हणजे इतिहासही, मराठीत फक्त दिनांक. वर्गात मी हा फरक गंमत म्हणून सांगतो. इथे दिनांकाने इतिहास दुरुस्त केला. दादांची हज खरीच होती, तिला या स्टोव्हच्या साक्षीची गरज नव्हती. दादीकडे मात्र दुसरी साक्ष नव्हती. तिच्या नावावर ना घर होतं, ना जमीन, ना कुठला कागद.

बडे अब्बांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "फुफीकडे दे." स्टोव्ह आता तिच्या कपाटावर आहे. खाली मी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर दादीचं नाव आहे.