गंजाडचे गवत, गंजाडची चित्रे

डहाणूच्या पूर्वेस डोंगराळ मुलखात गंजाड वसले आहे. वस्ती मुख्यतः वारल्यांची. पावसाळी भात वर्षभर पुरत नसे; मग सावकाराचे कर्ज आणि गवतकापणी. कर्जाने लग्न केलेला तरुण 'लग्नगडी' म्हणून राबे. गवत मुंबईस जाई, पैसा जमीनदाराकडे राही.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेने पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मागितले. १० ऑक्टोबरला तलवाड्यास गोळीबार होऊन पाचजण पडले. संप मात्र टिकला.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रे जगभर गेली. त्यांचा दर कोण ठरवतो, हे आम्ही चळवळीतली माणसे आजही विचारतो.