जप्तीतून सुटलेली यादी

जप्तीचं वॉरंट घेऊन बेलीफ दारात येतो, तेव्हा घरातल्या काही वस्तूंना त्याला हात लावता येत नाही. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, त्याच्या पोटासाठी लागणारी गुरं आणि त्याचं राहतं घर. धर्माचारानुसार बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही त्यातच येतात. आपल्याकडे त्याचा पहिला अर्थ मंगळसूत्र. 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात ही यादी आहे. दरखास्त दाखल करताना वकील ती सहज ओलांडून जातात. पण तिच्यामागे दख्खनच्या शेतकऱ्याचा मोठा इतिहास आहे.

कोर्ट येण्यापूर्वीही वसुली होतीच. सावकार तगादा लावी, नाहीतर ऋणकोच्या दाराशी धरणं धरून उपाशी बसे. त्याच्या उपवासाचं पाप आपल्याला लागेल, या भीतीने घरमालक वाट काढी. 1860च्या दंडसंहितेत दैवी कोपाचा धाक घालण्याच्या गुन्ह्याला उदाहरण दिलं होतं, ते धरण्याचंच. मात्र सावकाराला त्याच गावात राहायचं असे, म्हणून त्याच्या जबरदस्तीलाही मर्यादा पडे.

कोर्टाने ही मर्यादा काढून टाकली. मुंबई इलाख्यात 1827च्या नियमाने व्याजाला 12 टक्क्यांची कमाल मर्यादा होती. 1855 साली ती रद्द झाली. 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षं दिली. हेतू ऋणकोच्या भल्याचा होता, परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणब्याने अंगठा उमटवायचा, तारखेला कोर्टात जायचं नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा घरी यायचा. मग जप्ती, लिलाव, नाहीतर दिवाणी तुरुंग.

1874च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्यापोटी बाबासाहेब देशमुखांचं घर लिलावात घेतलं आणि ते पाडायला काढलं. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेतं कसायला, हजामत करायला, पाणी भरायला कोणी जाईना. पुढे 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात लोक सावकारांच्या घरांत घुसले. त्यांना हवे होते रोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले तिथे ते जाळून लोक निघून गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हेच घडलं. माझ्या मते या दंग्याचं खरं मोल यातच आहे. आपला शत्रू माणूस नसून तो कागद आहे, हे या निरक्षर लोकांनी नेमकं ओळखलं होतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला. 1877च्या नव्या दिवाणी संहितेत हत्यारं, अवजारं, गुरं आणि शेतकऱ्याच्या राहत्या घराच्या बांधकामाचं सामान जप्तीतून वगळलं गेलं. करड्याचं घर आठवलं की हे शेवटचं कलम वेगळंच वाचावंसं वाटतं. 1879च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि खास गहाण न दिलेली जमीनही जप्तीतून सोडवली. न्यायाधीशाने रोख्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, हेही त्यात आलं. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

धनकोची बाजूही खोटी नव्हती. भारतात पक्षकाराचे हाल खरे सुरू होतात ते हुकूमनामा हाती आल्यावर, असं प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच म्हटलं होतं. आजही हुकूमनामा बजावायला बारा वर्षांची मुदत आहे, आणि हातउसने पैसे दिलेल्या लहान माणसाला तीही कधी पुरत नाही. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, ज्याच्याकडे खरोखर काही नाही त्याला केवळ कर्ज थकलं म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवणाऱ्याची गोष्ट वेगळी. हा फरक मला योग्य वाटतो.

यादीतलं एक कलम मात्र मागे पडलं आहे. पगारदाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीतून सुटतात. हा हजाराचा आकडा 1999च्या दुरुस्तीतला आहे. हजार रुपयांत आज कुटुंबाचा महिन्याचा किराणाही भरत नाही. उरलेल्याचा एक-तृतीयांश भाग कापला गेला की पंधरा हजार पगाराच्या माणसाच्या हाती साडेदहा हजारांच्याही आत पैसे येतात, आणि त्यातूनच खोलीचं भाडंही जायचं असतं. हा आकडा आता तरी बदलायला हवा.