माणदेशातील शाळा आणि इंग्रजी

इंग्रजी ही परकी भाषा आहे, हे विधान सारेच करतात. परंतु ती कोणाला किती परकी, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. पुण्याच्या मुलाला ती जितकी परकी, तितकीच आटपाडीच्या मुलालाही होती असे मानणे म्हणजे इतिहासाकडे डोळेझाक करणे होय.

आटपाडी हा औंध संस्थानातील एक महाल. संस्थान सुमारे ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत; ब्रिटिश मुलखात विखुरलेली. राजधानी औंध आटपाडीपासून ६० किलोमीटरांहून दूर. त्या काळी मराठी चौथीनंतर शिक्षणाला दोन वाटा फुटत. एक मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची. तिच्या शेवटी प्राथमिक शिक्षकाची वा तलाठ्याची नोकरी. दुसरी 'इंग्रजी पहिली'पासून मॅट्रिकपर्यंतची. तिच्या पलीकडे कॉलेज, वकिली आणि मोठा हुद्दा. माणदेशातील मुलाला ही दुसरी वाट धरायची तर बहुधा घर सोडावे लागे. राहावे कोठे आणि जेवावे कोणाकडे, हे प्रश्न व्याकरणाच्या आधी सोडवावे लागत. ब्राह्मण विद्यार्थ्यास निदान वार लावून जेवण्याच्या रूढीचा आधार होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास तोही नव्हता.

या परिसराने मराठी साहित्य संमेलनास तीन अध्यक्ष दिले. त्यांची विद्यार्थिदशा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ग. दि. माडगूळकर शिकण्यासाठी औंधास गेले, पण मॅट्रिकला गणिताने त्यांची वाट अडवली. शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ साली आटपाडीच्या महारवाड्यात झाला. औंध आणि पुणे येथे शिकून ते वकील झाले व पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'तराळ-अंतराळ' या १९८१ सालच्या आत्मचरित्राच्या नावातच त्या प्रवासाची लांबी सामावली आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. पाश्चात्त्य साहित्य वाचता यावे म्हणून ते स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकले आणि स्टाइनबेकपर्यंत पोहोचले.

शाळेत इंग्रजी शिकवण्याची रीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची होती: मराठी वाक्याचे इंग्रजी करावे, इंग्रजीचे मराठी. आज या रीतीची थट्टा होते. ती बोलायला शिकवीत नसे, हे खरे. परंतु तिच्यात एक गृहीत होते, की विद्यार्थ्याची मराठी पक्की आहे. शिडी भिंतीला टेकवावी लागते. ती भिंत मातृभाषेची होती. व्यंकटेश माडगूळकरांस शाळेबाहेर इंग्रजी साधली, ती याच आधारावर, असे आम्हांस वाटते. त्यांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत मेंढरांमागे जाणारी मुले गोळा करून त्यांस मराठी अक्षरे शिकवतो. इंग्रजीचा तेथे वाराही नाही. आणि त्याच वाडीची कथा १९५८ साली इंग्रजीत गेली. वाडीपर्यंत इंग्रजी पोहोचण्याआधी वाडी इंग्रजीत पोहोचली!

परंतु या उदाहरणांनी हुरळून जाऊ नये. तिघे पोहोचले म्हणून वाट सोपी होती असे ठरत नाही. जी मुले घर सोडू शकली नाहीत, त्यांची नावे कोणत्याही अध्यक्षांच्या यादीत नाहीत.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. कायद्यापुरते औंधाचे अंतर मिटले. जी भाषा गाठण्यासाठी मुलगा घर सोडत असे, ती वाडीच्या शाळेत आली. हा न्यायच झाला, असे आम्ही मानतो. मात्र दोनशिक्षकी शाळेत एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळणारा, स्वतः इंग्रजी उशिरा शिकलेला शिक्षक ती शिकवणार कशी, हा प्रश्न त्याच्याच खांद्यावर टाकण्यात आला. पूर्वी अंतर मुलाला तोडावे लागे. आता ते शिक्षकाला तोडावे लागते. त्याला अवधी, पुस्तके आणि शिक्षण दिल्यावाचून केवळ विषय दिला, तर इंग्रजी वाडीत येईल, पण मुलांच्या हाती लागणार नाही. आणि तिच्या गडबडीत मराठीची भिंतही कच्ची राहिली, तर शिडी टेकवायलाही जागा उरणार नाही.